भुंग्याच्या मिशा

माझा भुंगा तुरीत पडला तेव्हा मी आधी त्याला शिवी दिली आणि मग नवऱ्याला, कारण तो बांधावर बसून हसत होता. तूर डोक्याच्या वर गेली होती, शेंगा भरत आल्या होत्या, आणि त्या गचपणात बशीएवढी वस्तू शोधायची होती. मी वाकून वाकून एकेक ओळ पाहत होते आणि तो बसल्या जागेवरून सूचना देत होता.

"तिकडं नाही व, इकडं. मी पाह्यलं ना पडताना."

"पाह्यलं त मंग ऊठ अन् आण ना!"

उठला नाही. शेवटी मलाच सापडला, उलटा, पाय वर करून पडलेला.

भुंगा म्हणजे माझा ड्रोन. चार पंख्यांचा, काळ्या कार्बनच्या सांगाड्याचा, सुटे भाग मागवून मी स्वतः जोडलेला. त्याच्या आवाजावरून आमच्या शेजारणीनं हे नाव ठेवलं आणि ते इतकं फिट्ट बसलं की आता मीही ड्रोन म्हणत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. वीस वर्षं फळ्यावर चुंबकाच्या रेषा काढून काढून कंटाळले आणि पंचेचाळिशीत हे वेड लागलं. माझ्या वयाच्या बाया भिशी लावतात, मी डोळ्यांवर चष्म्याचं खोकं चढवून आमच्या शेतावरून घिरट्या घालते. त्या खोक्यात दोन छोटे पडदे असतात आणि भुंग्याच्या नाकावरचा कॅमेरा जे पाहतो ते आपल्याला दिसतं. पहिल्यांदा उडवलं तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या ओरडले होते. अजूनही ओरडते. नवरा म्हणतो, तुझा आवाज ऐकून बगळे उडतात.

तर त्या दिवशी भुंगा पडला त्याचं कारण लगेच दिसलं. त्याची एक मिशी पंख्यात सापडून तुटली होती आणि दुसरी मुळातून निखळायला आली होती.

मिशी म्हणजे अँटेना. भुंग्याच्या पोटात नखाएवढा रिसीव्हर असतो, माझ्या हातातल्या रिमोटचं सांगणं ऐकणारा. त्यातून दोन बारीक वायरी बाहेर येतात आणि त्यांच्या टोकाचा, बोटाच्या पेराहून थोडा मोठा तुकडा उघडा असतो. ऐकायचं काम तेवढा तुकडाच करतो. बाकीची वायर नुसती त्याला तिथवर पोचवते. दोन मिशा काटकोनात ठेवायच्या, म्हणजे भुंगा कसाही वळला तरी एक ना एक ऐकत राहते. दोन्ही बहिऱ्या झाल्या की पंखे बंद पडतात आणि तो दगडासारखा खाली येतो.

नव्या मिशा मागवल्या. पण त्या बसवायच्या कशा? मिशी रिसीव्हरला जोडणारं खटक्याचं बटण मोहरीच्या दाण्याएवढं. मी याआधी एक बटण वायर ओढून उपटलं होतं आणि अख्खा रिसीव्हर वाया घालवला होता. जवळचं मला आता नीट दिसत नाही, आणि हे मी घरात कबूल करत नाही. म्हणून मी चाचांकडे गेले.

चाचांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आमच्या मालेगावात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. आमचं मालेगाव म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं, नाशिकवाल्यांनी उगाच खूश होऊ नये. मी त्याच गल्लीत वाढले. चाचांच्या दुकानात आता मिक्सर आणि टेबलफॅनच जास्त येतात, पण एके काळी या तालुक्यातलं प्रत्येक छप्पर त्यांनी चढलेलं होतं. टीव्ही घेतला की अँटेना लागायचा, आणि अँटेना चाचांनीच लावायचा. लोखंडी पाइप, त्यावर अॅल्युमिनियमच्या काड्यांचा तो सांगाडा, आणि वर चाचा, एका हातानं पाइप फिरवत.

"आलं का?" ते वरून ओरडायचे.

टीव्ही आतल्या खोलीत आणि चाचा छपरावर. मधे कोणीतरी खिडकीत उभं राहून निरोप पोचवायला लागायचं. आमच्या गल्लीत ते काम माझं होतं, कारण माझा आवाज तेव्हाही असाच होता. आतून घरातले सांगायचे, मी खिडकीतून बोंबलायचे, "आलं! आलं! ...गेलं! चाचा, गेलं!" मग परत थोडं फिरवायचं. मग एकदम पडद्यावरच्या मुंग्या नाहीशा होऊन चित्र लख्ख यायचं आणि घरातले सगळे एकसुरात ओरडायचे, "बस! आता हालवू नका!" चाचा पाइप बांधून, तारा ताणून, शिडीवरून खाली येईपर्यंत अर्धा कार्यक्रम संपलेला असायचा. दारातच चहा पिऊन ते पुढच्या छपराकडे निघायचे.

तीन वर्षांपूर्वी चाचा पडले. आयुष्यभर छपरांवर काढलं आणि पडले कुठे, तर न्हाणीत. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून काठी आली आणि डॉक्टरांनी जिन्याची एक पायरीसुद्धा चढायची नाही म्हणून सांगितलं. बाकी हात तसेच आहेत. सोल्डरिंगचा डाग द्यायला बसले की बोट हलत नाही.

मी भुंगा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी भिंग लावलेल्या दिव्याखाली तो घेतला, उलटा केला, फुंकर मारली.

"हे इत्तंसं? हाच त्याचा अँटेना?"

"हौ चाचा. मिशा म्हनतो आमी."

"मिशा!" ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी त्यांना खोकं लावून दिलं, भुंग्यात बॅटरी घातली, पंखे न फिरवता नुसता हातात धरून वर उचलला. दुकानाच्या पत्र्याखालच्या फळीवर, जिथे ते तीन वर्षांत पोचले नव्हते, तिथे कॅमेरा नेला. चाचा खुर्चीत बसल्या बसल्या मान वर करून पाहायला लागले. मग त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली.

"अरे, माया हातोडा वर हाय!" ते म्हणाले. "अन् मी कारागिराले चोर म्हनलो."

खोकं काढल्यावर त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. त्यांच्या तोंडावर एक वेगळीच चमक आली होती. मग म्हणाले, "किन्हीराजाले माया एक अँटेना अजून उभा हाय."

मला माहीत होतं, हा त्यांच्या घरातला जुना वाद आहे. चाचा म्हणतात की किन्हीराजा या जवळच्या गावी एका माडीवर त्यांनी तीन पाइपांचा, गावातला सगळ्यात उंच अँटेना लावला होता आणि तो अजून तिथेच आहे. त्यांचा मुलगा म्हणतो, अब्बा, असे सगळे अँटेने केव्हाच भंगारात गेले. त्या घराभोवती आता निंबाची झाडं इतकी वाढली आहेत की रस्त्यावरून काही दिसत नाही. माडीचा जिना पडून गेला. वर कोणी जात नाही.

"मी पोरं पाठवतो, फोटो काढून आनतीन," मी म्हणाले.

"फोटो त कोनीबी काढते." त्यांनी खोक्यावर हात ठेवला. "मले चढाचं हाय."

मी लगेच चाचांच्या वहीतला नंबर घेऊन त्या घरी फोन लावला. घरची बाई म्हातारी, पण आवाज खणखणीत. वर काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. पण ती म्हणाली, "या ना बाई, खुशाल या. पर संक्रांतीच्या आंदी या. संक्रांत झाली की माडी पाडून राह्यलो, स्लॅब टाकाचा हाय."

संक्रांतीला तीन आठवडे होते. चाचांनी ऐकलं आणि खुर्चीवरून जवळपास उभेच राहिले. इतकी घाई मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही रात्री झोप लागेना. आजवर मी भुंगा बगळ्यांसाठी आणि स्वतःच्या हौसेसाठी उडवला होता. पहिल्यांदाच कोणाला तरी त्याची गरज होती.

नव्या मिशा आल्या त्या दिवशी माझी शाळेत परीक्षेवर ड्यूटी होती. मी सकाळीच भुंगा आणि मिशांची पुडी चाचांच्या टेबलावर ठेवली. "बटन सरळ वर उचलाचं, वायर ओढाची नाही. नवं ठेवून वरून दाबाचं, टक् वाजलं की झालं," एवढं सांगून मी पळाले. संध्याकाळी आले तेव्हा काम झालं होतं, आणि चाचा सणाचे कपडे घातल्यासारखे खुशीत होते.

"पाह्य. एकदम मजबूत केलं."

मी पाहिलं. बटण सुंदर बसलं होतं, मला जन्मात जमलं नसतं इतकं. वायरी सांगाड्याच्या हातांवर चिकटवून, वर दोरा गुंडाळून नेल्या होत्या. काही लांब वाटल्या, पण संधिप्रकाश होता, गुपचूप घेतलेला वाचायचा चष्मा घरी होता, आणि त्यांचा चेहरा पाहून मी बारकाईनं पाहायचं टाळलं. दुकानात लावून पाहिलं. दिवा हिरवा. गल्लीत वीस पावलं गेले. हिरवा. आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सोयाबीन काढून रिकाम्या झालेल्या आमच्या वावरात खुर्ची टाकली, चाचांना बसवलं आणि भुंगा सोडला. वर गेला, झुलला, बांधाकडे निघाला. चाचा टाळ्या वाजवत होते. साठ पावलं गेला असेल नसेल, पंखे एकदम गप्प झाले आणि भुंगा ढेकळांत आपटला.

मी धावत गेले, उचलला, आणि या वेळी चष्मा लावून पाहिलं. दोन्ही मिशांच्या टोकांना तांब्याची बारीक तार डाग देऊन जोडली होती. पेराएवढ्या तुकड्याची वीतभर तार झाली होती, आणि ती कार्बनला चिकटवून पार मोटारीपर्यंत नेली होती.

"चाचा, हे काय केलं?"

"वाढवला. दूर जाचं हाय ना? अँटेना लांब त चित्र साफ. लोक छतावर तार लावत नव्हते काय? ताट बांधत नव्हते काय?"

खरं होतं. आमच्या सगळ्यांच्या छपरांवर हेच चाललेलं असायचं. चित्र नीट येईना की अँटेन्याला तार जोडा, तारेला जेवायचं ताट बांधा, पाइपाला आणखी पाइप लावा. आमच्या पिढीतल्या कोणालाही विचारा, तो हेच करील. पण त्या क्षणी माझं डोकं फिरलं होतं. भुंग्याचा एक हात चिरला होता, पंखा मोडला होता, संक्रांत जवळ येत होती.

"मी सांगतलं होतं का वाढवाले? ते दिवस गेले चाचा! हे तुमच्या छतावरचं काम नाही!"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला तेव्हाच ते परत घ्यावंसं वाटलं. चाचांनी काठी उचलली. "बराबर हाय," ते म्हणाले. "मले घरी सोडून दे बेटा."  घरापाशी उतरताना म्हणाले, "किन्हीराजाले फोन करून सांग, येत नाही म्हना."

मी फोन केला नाही. त्या रात्री जेवतानाही मी धुसफुसत होते, आणि नवरा, ज्याला माझी खोडी काढायला कारण लागत नाही, तोही खाली मान घालून जेवत होता. शेवटी म्हणाला, "तुले भुंग्याचा राग आला का सोताचा?" मी ताट उचलून आत गेले, कारण उत्तर त्याला माहीत होतं.

दोन दिवस मी चाचांकडे गेले नाही. लाज वाटत होती. काय म्हणून जायचं? विज्ञानाची बाई असून मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं की ती मिशी तेवढीच का असते. लहरीचं एक माप असतं, तिच्या पाव हिश्शाएवढीच मिशी लागते, कमी झाली तर बहिरी आणि जास्त झाली तरी बहिरी. माझ्या दहावीच्या पोरांना मी हे चार वेळा सांगते. चाचांना मात्र मी फक्त "बटन ओढू नका" एवढंच सांगून पळाले होते.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर फाटकाशी चाचांचा मुलगा मोटारसायकल घेऊन उभा. मागे चाचा, काठी आडवी धरून, आणि काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं.

मी काही बोलायच्या आत त्यांनी कापड सोडलं. आत बांबूची एक कामटी होती, हाताच्या घामानं काळी झालेली. तिच्यावर सुरीनं खाचा पाडलेल्या होत्या.

"ही काय हाय सांग."

मला माहीत नव्हतं.

"माप हाय. अँटेन्याच्या काड्यायचं. ही पुढची काडी, ही मधली, ही मागची. एकबी दुसरीएवढी नाही. बोटभर लांब झाली की चित्र गेलं. मी सोता कापत होतो. या हातानं." त्यांचा आवाज चढला होता, पण राग माझ्यावर नव्हता. "तारा अन् ताटं लोक लावत होते बेटा. मी काढाले लावत होतो. अन् म्हातारपनी मीच तार लावली! दोन दिवस झोप नाही मले. लांबी नाही, माप. मी इसरलोच कसा?"

"चाचा, चुकलं ते माझं..."

"ते राहू दे. काडी केवढी? बोल."

"एकतीस मिलीमीटर."

"बस." त्यांनी खिशातून काड्यापेटी काढली. "गुलाच्या काडीत बसन."

आम्ही थेट दुकानात गेलो. मी पट्टी धरली आणि त्यांनी काड्यापेटीतल्या एका काडीचं गूल तोडून ती बरोबर एकतीसवर कापली. तेच आमचं माप. तांब्याची तार त्यांनी सोडवली, पण टोकं डागानं जाड झाली होती, म्हणून त्या मिशा बादच केल्या. माझ्याकडे आणखी एक जोडी होती. माझ्या स्वभावाचा मला चांगला अनुभव असल्यामुळे मी सगळ्या वस्तू दुप्पट मागवते; चिरलेला हात आणि मोडका पंखाही त्यातूनच बदलला. काडी शेजारी धरून चाचांनी दोन्ही मिशा तपासल्या. एक बरोबर भरली. दुसरीचा उघडा तुकडा केसभर कमी निघाला, तर त्यांनी भिंगाखाली ब्लेडनं वरचं कवच एवढंसं मागे सरकवलं, आतल्या तारेला ओरखडाही न काढता. मी श्वास रोखून पाहत होते. मला त्या हातांचा हेवा वाटला.

मग मिशा उभ्या कशा ठेवायच्या? कार्बनपासून दूर हव्यात, कारण कार्बन लहरी अडवतो. पंख्यापासून दूर हव्यात. लोंबकळायला नकोत आणि मोडायलाही नकोत. मी प्लॅस्टिकचे पट्टे काढले. चाचांनी माझ्या पर्समधल्या पेनाकडे हात केला.

"त्यातली रिफील संपली काय?"

संपलेली होती, शिक्षकाच्या पर्समध्ये संपलेल्याच असतात. त्यांनी दोन रिफिली धुऊन, वाळवून, कापून नळ्या केल्या आणि प्रत्येक नळीत एक मिशी सरकवली. नळ्या पट्ट्यांनी सांगाड्याच्या मागच्या बाजूला बांधल्या, मधे बरोबर काटकोन. मी वायर ताणून घ्यायला गेले तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

"ताण नको. झोल ठेव. हिसका बसला त झोल खाईन, बटन नाही उखडनार. पाइपावरच्या वायरीले आपन कसं करत होतो?"

आता तपासणी. पंखे काढून भुंगा दुकानाच्या टेबलावर ठेवला. चाचा त्याच्या दिव्यावर डोळा ठेवून बसले. मी रिमोटची ताकद सगळ्यात कमी केली आणि गल्लीतून मागे मागे चालत निघाले. त्या ताकदीवर शंभर पावलं मिळाली तर खरोखर उडवताना हवं तेवढं अंतर मिळतं. चाळीस पावलांवर मी ओरडले, "आलं का?"

"आलं!" चाचा आतून.

साठ. "आलं का?"

आता चाचांचा आवाज पोचेना. तर शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातली बाई पायरीवर आली आणि तिनं पुढे ओरडून सांगितलं, "आलं म्हनते!" तिला कशाचं काय ते ठाऊक नव्हतं. मी आणखी मागे गेले. मग चहावाल्यानं निरोप घेतला, मग सायकलवाल्यानं. कोणी विचारलं नाही काय चाललंय. आमच्या वयाच्या माणसाला "आलं का" ऐकलं की काय करायचं ते सांगावं लागत नाही. शंभर पावलं, एकशे वीस, गल्ली संपली, मी हमरस्त्यावर पोचले, आणि चार तोंडांतून फिरत फिरत निरोप आला, "आलं! आलं! आलं!" मी भर रस्त्यात उडी मारली. एक रिक्षावाला मला काहीतरी बोलून गेला. बोलू दे.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी आम्ही किन्हीराजाला गेलो. नवऱ्यानं गाडी काढली, स्वतःहून. शेलूबाजारच्या रस्त्याला लागलो तेव्हापासून चाचा खिडकीतून प्रत्येक छपराकडे बोट करत होते. हे आपलं, तेही आपलं, त्या घरी कुत्रं चावलं होतं. कुठल्याच छपरावर आता काड्या नव्हत्या, सगळीकडे गोल छत्र्या.

घरची म्हातारी ओट्यावर वाट पाहत होती. "मिस्तरीभाऊ, तुमी बुढे झाले!" तिनं स्वागत केलं.

"तुमी लय जवान राह्यल्या वहिनी," चाचांनी उत्तर दिलं.

मी वर पाहिलं. निंबाचा हिरवा डोंगर, त्यात माडीच्या भिंतीचा एक तुकडा. बाकी काही नाही.  वर काहीच नसलं तर? एवढा सगळा खटाटोप करून मी या माणसाला रिकामं छप्पर दाखवायला आणलं असलं तर? चाचांकडे पाहिलं. ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते आणि निंबाच्या शेंड्याकडे पाहत होते.

आम्ही घरामागच्या खळ्यात खुर्ची टाकली. चाचांनी खोकं लावलं. मी माझ्यासाठी छोटा पडदा आणला होता. एकाच कॅमेऱ्याचं चित्र दोघांना दिसतं, दूरदर्शनच्या एका टॉवरवर गल्लीतले दहा टीव्ही चालायचे तसं. रिफिलीच्या नळ्यांवरून मी एकदा बोट फिरवलं. झोल जागेवर होता.

भुंगा उठला. निंबाच्या शेंड्यापर्यंत सरळ वर, मग शेंड्यावरून पलीकडे. पत्रे दिसले, गंजलेले. पाल्याचा थर. एक फुटकी घागर. आणि तेवढ्यात भुंगा वळला, माझ्या पडद्यावर दुपारचं ऊन पडलं आणि सगळं पांढरं झालं. मी पदर धरला, पाठ फिरवली, काही उपयोग नाही. डोळ्यांनी पाहावं तर भुंगा झाडाआड. मला काहीच दिसत नव्हतं. दिसत होतं फक्त चाचांना.

"चाचा, मले दिसत नाही! तुमी सांगा!"

"डावीकडं घे," ते ताबडतोब म्हणाले. आवाज तोच, जो मी लहानपणी छपरावरून येताना ऐकला होता. "हळू. अजून. वर घे, फांदी हाय. आता फिरव, नुसतं तोंड फिरव. थोडं. अजून थोडं."

माझे अंगठे त्यांच्या शब्दांवर चालत होते. म्हातारी ओट्यावरून उठून आली होती. नवरा पहिल्यांदाच हसत नव्हता.

आणि चाचा बोलायचे थांबले.

झाडाआडून नुसती घरघर येत होती. मी विचारलं, आणि विचारताना माझ्या लक्षात आलं की हे शब्द मुळात त्यांचे होते. वरून ओरडणारे ते होते, मी खिडकीतली होते.

"चाचा, आलं का?"

खोक्याखालून त्यांच्या गालावर पाणी उतरत होतं.

"आलं," ते म्हणाले. "तीनी पाइप. दोन काड्या गेल्या. तोंड अजून टॉवरकडंच हाय."

रिमोट शिट्टी मारायला लागला, बॅटरी संपत आली होती. मी खाली आणायला अंगठा सरकवला, तर त्यांनी हात वर केला, आणि वर्षानुवर्षं खालच्या घरांनी त्यांना जे ओरडून सांगितलं होतं ते मला सांगितलं.

"बस बेटा. आता हालवू नको."

मी हलवलं नाही.